क्रूझ कंपनी कोण घेतंय, ते मला विचारू नका

डोकं तापलंय म्हणून लिहितेय. वाचताना कोणाला स्वतःची आठवण झाली तर तो योगायोग नाही.

गेले काही महिने आमच्या घरात, सोसायटीत, तळजाईवर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत आणि माहेरच्या ग्रुपवर एकच विषय उगाळला जातोय. अमेरिकेत मायामीला ऑफिस असलेली नॉर्वेजियन क्रूझ लाइन, म्हणजे प्रवासी बोटींच्या सहली चालवणारी कंपनी, म्हणे विकली जाणार. कोण घेणार, ते दर आठवड्याला बदलतं. एकदा तिचीच स्पर्धक रॉयल कॅरिबियन, एकदा सौदीवाले, एकदा कंपन्या विकत घेणारा कुठला तरी प्रायव्हेट इक्विटी फंड. परवा एका काकांनी आपल्याकडच्याच एका उद्योगपतींचं नाव घेतलं आणि बाकीच्यांनी अमृततुल्यचा चहा पीत गंभीरपणे माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांना बोट लागते. घारापुरीच्या लाँचमध्ये ओकारीच्या पिशव्या धरून बसणारी ही माणसं, पण मायामीच्या बोर्डरूममध्ये काय शिजतंय ते यांना सहकारनगरात बसून कळतं.

मेसेज ठरलेल्या छापाचा. ‘आतल्या गोटातली बातमी’, ‘डील जवळजवळ फायनल’, खाली रॉकेटची चित्रं, आणि शेवटी ‘फक्त आपल्या माहितीसाठी’. कसली माहिती? कोणी सांगितली, कुठे छापून आली, कंपनीने शेअर बाजाराला काय कळवलं, यातलं काही नाही. विचारलं की उत्तर तयार असतं: ‘धूर निघतोय म्हणजे आग असणारच.’ अहो, धूर तुमच्याच ग्रुपमधून निघतोय!

मी सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात टॅक्सचं काम बघते, हा माझा गुन्हा. त्यामुळे ही प्रत्येक पुडी शेवटी माझ्यासमोर सोडली जाते. त्यात आमचे भावजी आघाडीवर. न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला उघडतो आणि हिवाळ्यात आठला, म्हणजे नेमका माझ्या पोळ्यांच्या वेळेला. हाताला कणीक, फोन स्पीकरवर, आणि पलीकडून, ‘वहिनी, चार टक्के वर!’ का वर, तर टेकओव्हर. तासाभराने तोच शेअर होता तिथे येऊन बसतो. तेव्हा मात्र यांचा फोन येत नाही.

बरं, नुसती अफवा असती तर सोडून दिलं असतं. माझा खरा संताप वेगळा आहे. बातमी एकच, पण तिच्यातून जो तो आपल्याला हवं ते काढतो. भावजी म्हणतात, कंपनी विकली जाणार, म्हणून शेअर घ्या. आम्ही दोघं सिंगापूरच्या क्रूझची चौकशी करायला कर्वे रोडवरच्या एका टूरवाल्याकडे गेलो, तर तो म्हणतो, या धंद्यात आता कंपन्या विकल्या जाणार, भाव वाढणार, म्हणून आत्ताच पूर्ण पैसे भरा. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, विकली जाणार, म्हणून बुकिंगच करू नका, पैसे बुडतील. आमच्या क्रूझचा त्या मायामीच्या कंपनीशी काडीचा संबंध नाही, हे यांच्यापैकी एकाच्याही गावी नाही. एकाच बातमीवरून घ्या, भरा आणि पळा, असे तीन सल्ले! आणि तिघंही तितक्याच ठामपणे देणार.

या सगळ्यात भरडली जाते कोण, तर माझी मावसबहीण. तिचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून बोटीवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, लागलाय. सुरक्षेचं ट्रेनिंग, सीडीसी म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याचा परवाना, मेडिकल, अमेरिकेचा व्हिसा, मुंबईच्या एजंटाच्या चकरा, हे सगळं करताना त्या घराने काय काढलंय ते मी पाहिलंय. आता मुलगा समुद्रात, त्याचं वायफाय कधी चालतं कधी नाही, आणि इकडे ग्रुपवर कोणीतरी टाकतं, ‘कंपनी विकली, हजारो नोकऱ्या जाणार’. रात्री साडेअकराला तिचा फोन. ‘ताई, त्याला परत पाठवतील का गं?’ तिला झोप नाही, बीपीची गोळी वाढवलीय. ज्याने मेसेज टाकला तो मात्र त्याखाली ‘गुड नाइट’चं गुलाबाचं फूल टाकून झोपलेला.

तिला मी जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण ते कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही. मालक बदलला म्हणून बोट बंद पडत नाही. बोट हीच तर कमाईची वस्तू आहे, ती धक्क्याला बांधून ठेवायला कोण एवढे पैसे मोजेल? याच नॉर्वेजियनचं बघा. २००० साली ती मलेशियाच्या गेंटिंग घराण्याच्या स्टार क्रूझेसने घेतली. २००८ मध्ये अपोलो या फंडाने त्यात १ अब्ज डॉलर घातले. २०१३ मध्ये शेअर बाजारात आली, आणि २०१४ मध्ये तिनेच सुमारे ३ अब्ज डॉलर मोजून ओशियानिया आणि रीजंट या दोन कंपन्यांची मालकीण असलेली प्रेस्टीज विकत घेतली. एवढी उलथापालथ होऊनही बोटी चालूच राहिल्या, आणि त्यांच्या गॅलीत कोणीतरी कांदा चिरतच होतं. मुंबईहून गोव्याला जाणारी ती कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस बोट घ्या. १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस म्हणून बांधली, मग एम्प्रेस ऑफ द सीज झाली, २००८ मध्ये स्पेनच्या पुलमंतुरकडे गेली, २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियनकडे परत आली, आणि २०२१ पासून आपल्या लोकांना घेऊन फिरतेय.

मग भीती कशाची बाळगायची? कंपनी विकली जाण्याची नाही, कंपनी बुडण्याची. ज्या गेंटिंगने एके काळी नॉर्वेजियन घेतली, तिचीच हाँगकाँगची कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची क्रिस्टल सिम्फनी ही बोट प्रवासी घेऊन मायामीला परत येत होती. इंधनाचं बिल थकल्यामुळे तिथल्या कोर्टाने बोट जप्त करण्याचा हुकूम काढला होता. तर कप्तानाने मायामीला न जाता बोट वळवून बहामातल्या बिमिनी बेटावर नेली, आणि तिथून प्रवाशांना दुसऱ्या बोटीने फ्लोरिडात पोचवावं लागलं! आणि आपल्याकडची जलेश क्रूझ कंपनी? २०१९ मध्ये मुंबईहून थाटात सुरू झाली, २०२० मध्ये बंद, आणि तिची कर्णिका ही बोट अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात. तेव्हा ‘आतल्या गोटातली बातमी’ घेऊन कोणी आलं होतं का? पैसे भरायच्या आधी टूरवाल्याला विचारायचं असतं की बोट रद्द झाली तर परतावा कोण देणार, किती दिवसांत देणार, आणि ते लेखी देता का. मी हे विचारलं तेव्हा त्याने एसीचा रिमोट शोधायला सुरुवात केली.

आता भावजींच्या शेअरकडे येऊ. त्यांचं म्हणणं, ‘वहिनी, जानेवारी २०२० मध्ये हा शेअर पन्नास डॉलरच्या वर होता, आज बघा कुठे आहे. स्वस्तात मिळतोय, कोणीतरी गिळणारच.’ त्याच वर्षी मार्चमध्ये तो दहाच्या खाली गेला होता, तेव्हाही कोणी गिळला नाही. का? कारण कंपनी घेणाऱ्याला नुसता शेअर घेऊन भागत नाही, कर्जही घ्यावं लागतं. कोविडमध्ये बोटी उभ्या होत्या तेव्हा या सगळ्यांनी कर्जावर दिवस काढले. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी कार्निव्हल, तिचं कर्ज तर ३५ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं होतं. नॉर्वेजियनचं तेरा अब्जांच्या वर, म्हणजे तिचे सगळे शेअर विकत घ्यायला जेवढे लागतील त्याहून मोठं. शिवाय असं कर्ज उभं करायला जे बाँड, म्हणजे कर्जरोखे, विकतात त्यांत बऱ्याचदा अट असते की मालक बदलला तर बाँडवाला आपले पैसे वर थोडा मलिदा घेऊन परत मागू शकतो. त्यात २०२४ मध्ये कंपनीने आठ नव्या बोटींची ऑर्डर जाहीर केलीय, त्या २०३६ पर्यंत येत राहणार. ती बिलंही नव्या मालकाच्याच नावावर. आणि कंपनीच्या घटनेतच लिहिलंय की बोर्डाच्या परवानगीशिवाय कोणी ४.९ टक्क्यांच्या वर शेअर ठेवायचे नाहीत, कारण त्यावर त्यांची अमेरिकेतली करसवलत अवलंबून आहे. ‘भावजी, हे वाचलंत का?’ तर म्हणे, ‘तुम्ही फार खोलात जाता बुवा.’

हो, जाते! पैसे तुमचे जाणार आहेत.

सौदीचंही असंच. एप्रिल २०२० मध्ये सौदीच्या सरकारी फंडाने कार्निव्हलचे ८.२ टक्के शेअर घेतल्याचं जाहीर झालं, एवढं खरं. ते ८.२ टक्के आमच्या ग्रुपवर येईपर्यंत अख्खी कंपनी झाले, आणि कार्निव्हलची नॉर्वेजियन झाली. दोन्ही कंपन्या मायामीच्या, मग फरक तो काय पडतो!

या धंद्यात खरी झटापट झालीच नाही असं नाही. २००१ च्या नोव्हेंबरात रॉयल कॅरिबियन आणि ब्रिटनची क्रूझ कंपनी पी अँड ओ प्रिन्सेस यांचं एकत्र यायचं जमलं, कागद झाले, जाहीर झालं. साखरपुडाच म्हणा. महिन्याभरात कार्निव्हलने मांडवात येऊन जास्त हुंडा पुढे केला. फेब्रुवारी २००२ मध्ये प्रिन्सेसच्या भागधारकांनी मतदानच पुढे ढकललं, ऑक्टोबरात अमेरिकेच्या स्पर्धा आयोगाने कार्निव्हलला वाट मोकळी केली, आणि एप्रिल २००३ मध्ये लग्न लागलं ते कार्निव्हलशी. रॉयल कॅरिबियनला सव्वासहा कोटी डॉलर देऊन वाटेला लावलं. म्हणजे सही झालेला, जगजाहीर झालेला सौदासुद्धा मोडला, आणि सगळं निस्तरायला दीड वर्षाच्या आसपास गेलं. आणि आमच्याकडे सही नाही, कागद नाही, घेणाऱ्याचा पत्ता नाही, तरी काका मला विचारतात की नफ्यावर टॅक्स किती बसेल. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

आज तर हे आणखी अवघड आहे. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन आणि अपोंते कुटुंबाची एमएससी, या चौघांतच जगातला बहुतेक धंदा आहे. त्यातल्या एकाने दुसऱ्याला घेतलं तर अमेरिका आणि युरोपातले अधिकारी टाळ्या वाजवत बसणार नाहीत. पण हा मुद्दा काढला की सगळ्यांना अचानक भाजी घ्यायची आठवण होते.

बाहेरच्या जगात निदान काही शिस्त तरी आहे. ब्रिटनमध्ये कोणी कंपनी घेणार अशी चर्चा उघड झाली आणि त्याचं नाव जाहीर झालं, की त्याला २८ दिवस मिळतात. एक तर ठोस ऑफर द्या, नाहीतर नाही म्हणून गप्प बसा. आपल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेसुद्धा नियम केलाय: जून २०२४ पासून बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १०० कंपन्यांना आणि डिसेंबरपासून पहिल्या २५० कंपन्यांना, शेअरचा भाव हलवणारी अफवा छापून आली तर २४ तासांत खरं-खोटं सांगावं लागतं. हाच नियम आमच्या सोसायटीच्या ग्रुपला लावा. चोवीस तासांत पुरावा द्या, नाहीतर महिनाभर फक्त पाण्याच्या टँकरबद्दल बोला. मी हे ग्रुपवर लिहिलं. सेक्रेटरींनी अंगठा दाखवला. तीन मिनिटांनी त्यांनीच फॉरवर्ड केलं, ‘ब्रेकिंग, क्रूझ सेक्टर’.

बहिणीला मी आता सांगून ठेवलंय की मुलाच्या करारावर कोणत्या कंपनीचं नाव आहे, करार कधी संपतो आणि एजंटाचा नंबर काय, एवढं एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव, आणि तो ग्रुप म्यूट कर. टूरवाल्याला सांगितलंय, परताव्याची अट लेखी दे, मग चेक. त्याचं उत्तर अजून यायचंय.

आणि भावजी, काका आणि ज्यांनी ज्यांनी मोबाइलवरच्या ॲपमधून ते अमेरिकेचे शेअर घेतलेत ते सगळे: टेकओव्हर होवो न होवो, एक शेअर असला तरी तो इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो. आपल्या आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा हिशोब, वर्षातली सगळ्यात जास्त किंमत धरून, स्टेट बँकेच्या दराने रुपयांत. स्टेटमेंट ॲपवरून तुम्ही काढायचं, मी नाही. मे महिन्यात ऑफिसात या, फी भरा, चहा मी पाजते. ३१ जुलैला रात्री साडेनऊला ‘वहिनी, एक छोटासा डाउट’ म्हणून फोन आला तर मी उचलणार नाही.