क्रिएटिनिन नॉर्मल, तरी डावी किडनी 21 टक्के

‘किडनीचा अणू-स्कॅन करू नका. किरणोत्सर्गी विष किडनीत साठतं, महिनाभर अंगातून किरणं निघतात. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर हा निव्वळ पैसे काढायचा धंदा.’ हा मेसेज आधी आमच्या तालमीच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या. कोल्हापुरात मिसळीवरून भांडणारे लोक यावर मात्र एकमतानं अंगठे दाखवून मोकळे झाले.

मेसेजच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते आमच्या दादाला महागात पडलंय. डाव्या मूत्रनलिकेत खडा, सोनोग्राफीत किडनीला सूज, क्रिएटिनिन (किडनीनं गाळायचा कचरा रक्तात किती उरलाय ते) 1.0, म्हणजे नॉर्मल. दुखायचं थांबलं तसा त्यानं विषय सोडला. रोज रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस, कोण आजारी म्हणेल? वर्षानं डीटीपीए नावाचं औषध टोचून हाच अणू-स्कॅन केला: एकूण कामात उजवीचा वाटा 79 टक्के, डावीचा 21. क्रिएटिनिन तेव्हाही 1.1.

असं कसं? दोन म्हशींचं दूध एकाच किटलीतनं डेअरीला घालता, तेव्हा पावतीवर एकूण लिटर येतात. एक आटत आली आणि दुसरीनं भर काढली, तर पावतीला पत्ता लागत नाही. क्रिएटिनिन ही ती पावती. सोनोग्राफीत सूज दिसते, कुठली किडनी किती काम करते ते नाही. स्कॅनच्या पडद्यावर औषध किडनीत येतं-जातं त्याची रेघ दिसते. उजवीची चढली आणि उतरली. डावीची चढतच राहिली, लघवी वाढवणारं लॅसिक्स टोचल्यावरही जेमतेम वाकली. लघवी अडकली होती.

आता ‘विष साठतं’. डीटीपीए किडनीतनं गाळून लघवीत जातं. ते किती वेगानं येतं-जातं, हीच तर तपासणी. डीएमएसए नावाचं दुसरं औषध किडनीत चिकटून राहतं खरं, पण ते व्रण बघायला, जास्त करून लहान मुलांत. दोन्हींत किरणं देणारं असतं ते टेक्नेशियम.

त्याचा जोर दर 6 तासांनी निम्मा होतो. म्हणजे 24 तासांत सोळावा हिस्सा, आणि लघवीवाटे जातं ते वेगळंच. दादाला ‘भरपूर पाणी प्या, आज संध्याकाळी तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊ नका’ एवढंच सांगितलं होतं. त्या संध्याकाळचा मेसेजमध्ये महिना झाला! स्कॅनचं अंगावरचं यंत्र तर किरणं सोडतच नाही, फक्त टिपतं. पोटाच्या सीटी स्कॅनला याच्या कितीतरी पट किरणं लागतात. त्याविरुद्ध मेसेज आलेला मी तरी बघितला नाही.

प्रत्येक मुतखड्याला हा स्कॅन लागत नाही, हे कबूल. गरोदरपणात तो शक्यतो टाळतात, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं आधी तसं सांगायचं असतं. मेसेजमध्ये नेमकं एवढंच नव्हतं.