मुंबई–न्यूयॉर्क साडेपाच तासांत? कुठल्या घड्याळाने?

‘रात्री 2 ला मुंबईहून निघालं, सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरलं. फक्त साडेपाच तास! पृथ्वी खालून फिरते ना, म्हणून. कंपन्या मुद्दाम वळसा घालून भाडं उकळतात ते वेगळंच. औषधं हाताशी ठेवायचीही गरज नाही, एक झोप काढली की पोचलात.’

हे ढकलपत्र सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं फिरत होतं तोवर चाललं. आता लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका काकूंनी ते वाचून इन्सुलिन मोठ्या बॅगेत भरलंय.

काकू, तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊ. तिकीट डिसेंबरचं असेल तर साडेपाच अधिक साडेदहा, म्हणजे सोळा तास. इतका वेळ इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवलं तर ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी फेकायचंच. बॅग मागे राहिली तर तेही नाही. पेन, सुया, ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं हातातल्या बॅगेत. लागतं त्याच्या दुप्पट. शिवाय पश्चिमेला जाताना तो दिवस साडेचौतीस तासांचा होतो. रात्रीचा डोस नेमका कधी, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून मुंबईच्या आणि न्यूयॉर्कच्या, दोन्ही वेळांत लिहून घ्या.

आता ती फिरणारी पृथ्वी. मुंबई तासाला सुमारे 1,580 किमी वेगाने पूर्वेकडे फिरते हे खरं, पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. नाहीतर जुहूवर एक मिनिट अधांतरी थांबलेलं हेलिकॉप्टर 26 किमी आत अरबी समुद्रावर सापडलं असतं. वेळ कमी-जास्त करतो तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, एरवी साडेसहा-सात तास धरतात. तेही पूर्वेकडे जाताना! ढकलपत्राच्या हिशेबाने तर त्याला सर्वात जास्त वेळ लागायला हवा होता. न्यूयॉर्कहून मुंबईला परततानाही याच पश्चिमी वाऱ्यामुळे सहसा वेळ वाचतो.

वळशाचं म्हणाल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो आइसलंडच्या आसपासच्या अक्षांशापर्यंत वर चढतो. लांबी साधारण 12,500 किमी. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने मारलेली ‘सरळ’ रेघ इजिप्त, सहारा करत जाते आणि भरते जवळपास 14,200. वाकडी दिसते तीच जवळची. मोठं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं. ते उगाच जाळायला कुठल्या कंपनीला हौस आहे?

एवढं मात्र कबूल: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे भारतीय कंपन्यांना खरोखरच वळसा घ्यावा लागला. आणि मुंबईत उतरताना विमान घिरट्या घालतं तेही खरं. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत, म्हणून रांग लागते.