उणे पाऊस आणि पायथन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेमुळे डेव्हलपर आणि शास्त्रज्ञ एकाच भाषेत बोलू लागले, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की संशोधक लिहितात त्याला कोड म्हणूच नये, ना फंक्शन (पुन्हा वापरता येणारा तुकडा) ना टेस्ट (कोड तपासणारा कोड). आणि पायथन मुळातच संथ, खरं गणित सी++मध्येच करावं.

वेगाचं आधी. पायथनचा साधा लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) संथ असतो, हे खरंच आहे. यादीतला प्रत्येक आकडा ही वेगळी वस्तू, आणि दर फेरीला तिचा प्रकार तपासावा लागतो. पण संशोधक लूप फिरवत बसत नाहीत. आकडेमोडीसाठीच्या नमपाय या पायथन पॅकेजच्या अ‍ॅरेत (आकड्यांच्या रांगेत) एकाच प्रकारचे आकडे मेमरीत सलग मांडलेले असतात आणि बेरीज आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये होते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. असा रेडिओ डेटा हाताळणाऱ्या कासा सॉफ्टवेअरचा गाभा तुमच्या सी++मध्येच आहे, खगोलशास्त्रज्ञ मात्र त्याला पायथनमधून कामाला लावतात.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याने मला खरं वाईट वाटलं. माझी एक मैत्रीण पुण्यात पाषाणला पावसाच्या नोंदींवर काम करते. एका संध्याकाळी तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. घाटमाथ्यावरच्या एका ठिकाणाची जुलैची रोजची सरासरी उणे ३ मिलिमीटर! ३० दिवसांचा पाऊस ९०० मिलिमीटर, आणि उरलेल्या एका दिवशी नोंदच नाही म्हणून फाइलमध्ये उणे ९९९. आलेख काढला म्हणून तो खड्डा दिसला. मी तिच्या जागी असतो तर आधी क्लास लिहिले असते, टेस्ट लिहिल्या असत्या आणि त्या सगळ्या पासही झाल्या असत्या, कारण उणे ९९९ हा आकडा म्हणून अगदी बरोबर आहे. काय तपासायचं हेच अजून ठाऊक नसतं, तेव्हा डेटा उलटापालटा करून पाहावा लागतो. त्या कामाला गबाळेपणा म्हणणं अन्याय आहे.

आणि आपण रोज वापरतो ती हत्यारं कुणी केली? आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी केलं. ते मेंदूविज्ञानाचे संशोधक, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत त्यांना पाहायचे होते. पायथन ओळीओळीने चालवून पाहण्याचं आयपायथन २००१मध्ये फर्नांडो पेरेझ यांनी सुरू केलं, भौतिकशास्त्रात पीएचडी करत असताना. पुढे त्यातूनच ज्युपिटर आलं, म्हणजे कोड, आलेख आणि टिपणं एकत्र ठेवणारी नोटबुक. आपल्या ऑफिसांतले कितीतरी रिपोर्ट याच पायावर उभे आहेत.

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के बरोबर. मैत्रिणीची नोटबुक माझ्या मशीनवर चालेना. तिने सेल (नोटबुकमधले कोडचे तुकडे) वरखाली चालवले होते. एक ओळ कधीच पुसली होती, पण तिचं व्हेरिएबल मेमरीत जिवंत होतं. नमपायची कुठली आवृत्ती, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. शोधनिबंधासोबत अशी नोटबुक दिली तर दुसऱ्या कुणाला ते निकाल पडताळता येणार नाहीत, आणि हे मला गंभीर वाटतं.

मग आम्ही दोघं बसलो. कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवले, पॅकेजांच्या आवृत्त्या एका फाइलमध्ये नोंदवल्या. उणे ९९९ काढून टाकणाऱ्या ओळींचं एक फंक्शन केलं, आणि त्याची टेस्ट तिनेच लिहिली : पाऊस शून्याखाली गेला तर थांब.