बारकोडचा जुगाड चालला, पण कशाच्या जोरावर?

‘एसओपी (ठरवून दिलेल्या लेखी पायऱ्या) म्हणजे अक्कल गहाण. सपोर्टवाल्याला मोकळं सोडा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी जुगाडानेच तारलं ना?’ अशा धाटणीचा मजकूर आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सतत फिरत असतो. त्यातलं थोडं खरं आहे, बरंच नाही.

आधी तारण्याबद्दल. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकवली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, तो हाच शुक्रवार. उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जा, एक फाइल डिलीट करा. पण डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, असेल तर आधी 48 अंकी रिकव्हरी की टाका, तीही एकेका मशीनवर. ग्रँट थॉर्नटन या अकाउंटिंग फर्मच्या ऑस्ट्रेलियातल्या आयटी टीमने या कीजचे बारकोड केले आणि दुकानात असतो तसल्या स्कॅनरने ते टिपले. कॉम्प्युटरच्या लेखी स्कॅनर म्हणजे कीबोर्डच. युक्ती झकास! पण बारकोड काढायला की हाताशी लागते. कोणत्या लॅपटॉपची कोणती, हे आधीच कुठेतरी नोंदलेलं होतं, म्हणून स्कॅनर कामी आला. ती कंटाळवाणी नोंद नसेल तर कितीही डोकेबाज माणूस आणा, तो लॅपटॉप फॉरमॅटच करणार.

‘सगळीकडे एकच सॉफ्टवेअर, म्हणून सगळे एकदम आडवे झाले.’ हे अर्धं खरं. ती सदोष फाइल आपल्या घड्याळाने सकाळी 9:39 ला सुटली आणि 10:57 ला मागे घेतली गेली. 78 मिनिटं. आधी थोड्या मशीनवर, मग पुढच्या, अशी टप्प्याटप्प्याची शिस्त या प्रकारच्या फायलींना तेव्हा नव्हती; कंपनीने ती नंतर आणली. म्हणजे इथे नियम कमी पडला होता.

‘प्रोसेसमध्ये जुगाडाला जागाच नाही’ म्हणणाऱ्यांनी आयटिल, म्हणजे आयटी सेवा कशा चालवाव्यात याची प्रचलित मार्गदर्शिका, उघडलेलं दिसत नाही. त्यात इन्सिडंट वेगळा, प्रॉब्लेम वेगळा. आज प्रिंटर चालू करून देणं हे एक काम, तो दर सोमवारी का बसतो हे शोधणं दुसरं. मधल्या तात्पुरत्या तोडग्याला ‘वर्कअराउंड’ म्हणून रीतसर मान आहे. अट एकच, तो लिहून ठेवायचा. नाहीतर ‘अमक्याला विचार, त्यालाच माहीत’ आणि अमका नेमका गावी जत्रेला.

राहिला ‘अक्कल गहाण’चा, म्हणजे पोपटपंचीचा आरोप. तो मान्य. चार वेळा रिस्टार्ट करून झालं सांगितलं तरी ‘सर, एकदा रिस्टार्ट करा’ ऐकवणारा सपोर्ट डोकं उठवतो. पण त्या पोराचं अप्रेझल दिवसाला किती तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद केली यावर ठरत असेल, तर तो डोकं कधी चालवणार? कारण लिहून पायरी गाळायची मुभा त्याला द्या, आणि तेच कारण वारंवार दिसू लागलं की ती पायरी एसओपीतून काढायचा अधिकारही.