‘दावणीला बांधताय’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहिलेलं सकाळी आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सीमाभागातल्या पुरोगामी मराठी मतदारांनी काँग्रेसला मत देऊन घरी बसू नये. मताच्या आधी आणि नंतरही आपल्या मागण्यांसाठी त्या पक्षाला धरून ठेवावं. त्यावर ‘खानापूरकर’ या नावाने दादांनी लिहिलं, “ताई, तुम्ही मराठी माणसाला राष्ट्रीय पक्षाच्या दावणीला बांधताय. १९५७ ला काँग्रेसला पाडलं म्हणून महाराष्ट्र झाला, तिच्या सतरंज्या उचलून नव्हे. मतं घेतली की हे पक्ष ओळख दाखवत नाहीत. आणि तुमच्यासारखे पुरोगामी बेळगावात मोजून एका टेम्पोत बसतील. त्यांना विचारतो कोण?”

१९५७ पासून सुरू करते, कारण ते वाक्य मला लागलं. माझे वडील सीमासत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात होते. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फूल वाहिल्याशिवाय आमच्या घरी चूल पेटत नसे. त्यामुळे ‘पाडलं म्हणून मिळालं’ हे मला शिकवायला नको. पण कोणी पाडलं आणि कुठे पाडलं, तेही बघू या. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होती. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडात जेमतेम निवडून आले. द्विभाषिक मुंबई राज्याचं सरकार विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जागांवर कसंबसं तरलं. पुढच्या निवडणुकीत सत्ताच जाईल हे दिल्लीला कळलं, म्हणून १ मे १९६० उजाडला.

त्याच निवडणुकीत आपण कुठे होतो? १ नोव्हेंबर १९५६ लाच आपल्याला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलेलं होतं. तिथे विधानसभेच्या २०८ जागा होत्या आणि आपल्या हातात त्यातल्या पाच-सहा. आपणही काँग्रेसला पाडलं, पुढे कित्येक वर्षं पाडत राहिलो, आणि तिथल्या सरकारचं काही अडलं नाही. आपली निष्ठा मुंबई-पुण्याच्या मतदारापेक्षा तसूभरही कमी नव्हती. पण त्यांच्या मतावर सरकार उभं होतं, आपल्या मतावर नव्हतं. आज जागा २२४ आहेत. आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ ला दोन आमदार होते, २०१८ ला एकही नाही, २०२३ लाही नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही, दादा.

आता एक गोष्ट सांगते. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मी समितीला मत दिलं. खासदार सुरेश अंगडी गेल्यानंतरची बेळगावची ती निवडणूक. आमच्या गल्लीतली पोरं झपाटल्यासारखी राबली. समितीच्या शुभम शेळके यांना १ लाख १७ हजार मतं पडली. भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींना हरवून आल्या, त्या ५,२४० मतांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पाच हजारांत निकाल लागतो अशा लढतीत सव्वा लाखाला थोडी कमी मतं आपल्या मुठीत होती. दोन्ही पक्षांना त्या महिन्यात आपल्या दारात बसवता आलं असतं. सरकारी मराठी शाळांमधली रिक्त पदं, सातबाऱ्याचा उतारा मराठीत, हलगा-मच्छे बायपासमध्ये जाणारी पिकाऊ जमीन. यातलं काय करणार ते लिहून द्या, मग आमचं आम्ही ठरवू, असं म्हणता आलं असतं. कोणी म्हटलं नाही. मीही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेची निवडणूक पक्षाच्या चिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने नेल्या. एवढं मोठं मतदान, पण त्याला मागणी जोडलेली नव्हती म्हणून ते चार महिन्यांत विरून गेलं.

तेव्हापासून माझं मत बदललं. पक्ष कुठला हा प्रश्न मागे पडला आणि मताला काय बांधलेलं आहे हा पुढे आला.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही नऊ-दहा बायकांनी एक प्रयोग केला. आमच्या भागातल्या सरकारी मराठी शाळेत चार वर्गांना दोन शिक्षक होते. एक शंभरपानी वही घेतली. पहिल्या पानावर मराठीत तीन मागण्या लिहिल्या, खाली तेच कन्नडमध्ये, आणि घरोघर फिरून सह्या घेतल्या. सहीपुढे मतदारयादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहायचा, ही कल्पना आमच्यातल्या एका अंगणवाडी ताईंची. उमेदवार देवळाच्या मंडपात आले तेव्हा वही पुढे केली. त्यांनी हात जोडले आणि वही बरोबरच्या माणसाकडे दिली. तो माणूस मागण्यांच्या पानावर थांबलाच नाही. थेट सह्यांवर गेला, बोटाने भाग क्रमांकांचा रकाना वरून खाली वाचत आला, दोन पानं उलटली, मग मान वर करून विचारलं, “हे तिन्ही बूथ तुमचेच?” आम्ही हो म्हटलं. तेव्हा तो पहिल्या पानावर परत आला आणि मागण्या वाचू लागला.

त्या क्षणी मला जे कळलं ते तीस वर्षांच्या व्याख्यानांत कळलं नव्हतं. पक्षाला आपले विचार पटवायचे नसतात, आपण किती आहोत आणि कुठल्या यादीत आहोत ते दाखवायचं असतं. मग तो ऐकायला बसतो.

पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल गोष्ट अर्धीच सोडली. जूनमध्ये एक अतिथी शिक्षिका आली. कायम नेमणूक झाली नाही. रेशन दुकानावर मराठी फलक लागला आणि तीन महिन्यांनी गेला. तिसऱ्या मागणीचं काहीच झालं नाही. वही मात्र माझ्याकडे आहे आणि दर सहा महिन्यांनी आम्ही ती घेऊन जातो. आता ते आम्हाला ओळखतात. पहिल्या वेळी चहा द्यायचे, आता खुर्ची देतात आणि उत्तरही द्यावं लागतं.

तुमच्या टेम्पोकडे येते. पुरोगामी थोडे आहेत हे खरं. पण कर्नाटकातला अंधश्रद्धाविरोधी कायदा बघा. २०१३ ला त्याचा मसुदा आला तेव्हा काँग्रेसच्याच आमदारांना तो नको होता. तो बासनात गेला. दाभोलकर त्याच वर्षी गेले, पानसरे २०१५ च्या फेब्रुवारीत, कलबुर्गी ऑगस्टमध्ये धारवाडात स्वतःच्या दारात. कन्नड लेखक, विद्यार्थी, काही मठाधीशसुद्धा त्या मसुद्याच्या मागे लागून राहिले. त्यांचीही संख्या काही लाखांत नव्हती. पण प्रत्येक अधिवेशनात विचारणारं कोणीतरी होतं. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं. पातळ झालेलं होतं, बरीच कलमं गळाली होती, तरी झालं. आणि कुठे झालं? आपल्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे कर्नाटकच्या बेळगावातल्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशनात. माझ्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर.

दरवर्षी त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी आपण समितीचा महामेळावा पुकारतो. घ्यायलाच हवा, सीमाप्रश्न संपलेला नाही, २००४ पासूनचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण दुसऱ्या दिवसापासून आपण असतो कुठे? सौधाजवळच्या तंबूंमध्ये बिदरपासून चामराजनगरपर्यंतची माणसं येऊन बसलेली असतात. अंगणवाडी सेविका, आशा, ऊस उत्पादक. मंत्री तिथे येऊन निवेदनं घेतात. अख्खं सरकार दहा दिवस आपल्या गावात मुक्कामाला असतं आणि आपण पहिल्या दिवशी घोषणा देऊन घरी जातो. राज्यघटनेचं कलम ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याबद्दल आहे. ज्या भागात १५ टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे, तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे केंद्राने फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. एवढं घेऊन तंबूत बसलं तर सीमाप्रश्नावरचा दावा सुटत नाही, दादा. उलट खटल्याचा निकाल लागेपर्यंत पोरं शाळेत मराठी शिकतील.

‘पक्ष ओळख दाखवत नाहीत’ हा तुमचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा ओढ्यांचं पाणी वळवण्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे, खानापूरच्या जंगलाचं काय होईल हे विचारणारा तिथे एकटा पडतो. २०२२ च्या नोव्हेंबरात निपाणीत सतीश जारकीहोळी हिंदू शब्दाच्या उगमाबद्दल बोलले. पक्षाने हात झटकले आणि त्यांना विधान मागे घ्यावं लागलं. ते विधान बरोबर की चूक यावर वेगळा वाद घालता येईल. मला आठवतं ते हे की विरोध करणाऱ्यांचे फोन पक्षाकडे गेले, मोर्चे निघाले, आणि दर ६ डिसेंबरला जारकीहोळींच्या स्मशानातल्या अंधश्रद्धाविरोधी कार्यक्रमाला टाळ्या वाजवणारे आम्ही सगळे घरात होतो. पक्षाने जे ऐकू आलं ते मोजलं. आमच्याकडून काहीच ऐकू आलं नाही.

त्याच्या उलट घडलेलंही बघितलंय. २०२३ च्या निवडणुकीत ‘एद्देळु कर्नाटक’ (ऊठ, कर्नाटका) नावाने कन्नड संघटना एकत्र आल्या. स्वतःचे उमेदवार उभे केले नाहीत. यादीतून गळलेली नावं घालून घेतली, मतफुटी होऊ नये म्हणून छोट्या उमेदवारांशी बोलल्या, आणि सरकार आल्यावर पहिल्याच आठवड्यांत हिशेब मागायला गेल्या. जूनमध्ये मंत्रिमंडळाने पाठ्यपुस्तकांत बदल केले, धर्मांतरविरोधी कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोहत्या कायद्याला मात्र हात लागला नाही. सरकार नवं असताना जे मागितलं जातं त्यातलं काही पदरात पडतं, मग मंत्र्यांच्या गाड्यांच्या काचा वर जातात. आपल्या निपाणीच्या विडी कामगार बायकांना हे चाळीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. त्यांनी कुणाच्या भाषणाची वाट बघितली नाही.

आणखी एक अडचण आहे, तुम्ही ती लिहिली नाहीत. जिल्हा आणि तालुका पंचायतीची शेवटची निवडणूक २०१६ ला झाली. २०२१ ला मुदत संपली आणि मग निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली. निम्म्या जागा बायकांच्या. आमच्यातल्या एखादीने पक्षाचं तिकीट मागायचं तर ते इथेच. ही पायरीच काढून घेतली की पक्षात वर चढतो तो पैसेवाल्याचा मुलगा. त्यामुळे ‘निवडणूक घ्या’ ही मागणी आता आमच्या वहीत चौथी आहे.

समिती सोडा असं मी म्हटलेलं नाही, पुढेही म्हणणार नाही. कॉ. कृष्णा मेणसे लाल बावट्याचे होते आणि सीमालढ्यातही होते; त्यांना दोन्ही जमलं. समितीचा उमेदवार एकच असेल आणि त्याच्या जाहीरनाम्यात शाळा, जमीन आणि बायकांचा प्रश्न असेल, तर माझं मत त्याला. तीन गट तीन अर्ज भरणार असतील तर मी वही घेऊन काँग्रेसच्या मंडपात जाईन.

तुमच्या गावातली मराठी शाळा चालू आहे का, आणि पटावर पोरं किती, शिक्षक किती, एवढं कळवा. यादीचा भाग क्रमांकही लिहा. दुसरी वही आणलेली आहे, खानापूरची पानं कोरी आहेत.