गुळवेल सत्त्वाच्या '१ स्टार' रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

पार्सल चार दिवस उशिरा पोचलं, डब्याचं सीलही सैल होतं. मनापासून माफी मागतो. वडिलांच्या आजारपणात हा ताप नको होता.

पण आपण लिहिलंत, "आयोडीन टाकल्यावर पूड निळीशार झाली, म्हणजे मैदाच. कडूही नाही. ट्यूमर विरघळवणारं पॉलिसॅकराइड कुठंय?" (पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी.) ताई, 'मैदा' हा शब्द फार लागला. सत्त्व म्हणजे वेलीतला स्टार्चच. अंगठ्याएवढं जाड खोड सोलून ठेचायचं, चौपट पाण्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी हातानं चोळून फडक्यातून गाळायचं. पाणी निवळलं की तळाशी पांढरा साका बसतो, तो धुऊन सुकवायचा. १०० किलो ओल्या खोडातून आमच्याकडे जेमतेम अडीच किलो निघतं, किंमत त्यामुळे आहे. स्टार्चमधली अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. आयोडीन तिच्या पोकळीत शिरलं की निळा रंग येणारच. खडूची भुकटी असती तर निळी झाली नसती.

मैदा ओळखायचा तर दोन चमचे पूड घट्ट मळून नळाखाली धुवा. मैद्याचा रबरासारखा चिकट गोळा हातात राहतो, सत्त्व सगळं वाहून जातं. (बटाट्याचा स्टार्च यात सापडत नाही. त्याला मायक्रोस्कोप लागतो, त्याचे कण बरेच मोठे असतात.) कडू द्रव्यं पाण्यात विरघळतात आणि आम्ही साका तीनदा धुतो, म्हणून चव सौम्य. न धुता सुकवला तर कडू राहतो, पण मातकट होतो.

ट्यूमरचं म्हणाल, तर तसं आम्ही कुठेही छापलेलं नाही. १९५४ च्या औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यानं कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करताच येत नाही. गुळवेलीतलं अरॅबिनोगॅलॅक्टन नावाचं पॉलिसॅकराइड भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी वेगळं काढून अभ्यासलंय, पण ते पाण्यात विरघळतं, म्हणजे सत्त्व करताना वरच्या पाण्याबरोबर बहुतेक ओतलंच जातं. जपानमध्ये शिटाके अळंबीतलं लेंटिनन हे पॉलिसॅकराइड १९८५ मध्ये जठराच्या कॅन्सरला केमोच्या जोडीनं मंजूर झालं, तेही इंजेक्शन म्हणून. तेसुद्धा गाठ थेट मारत नाही, प्रतिकारक पेशींना चेतवतं. त्यातलं ग्लुकोज बीटा-१,३ जोडणीचं, तिपेडी वेणीसारखं वळलेलं. स्टार्चमध्येही ग्लुकोजच, पण जोडणी अल्फा-१,४, ती आतड्यात पचून साखर होते. वडिलांना केमो चालू असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका, आमचं सत्त्वही नको.

एक सांगतो, राग नसावा. डबा ऑगस्टमध्ये पोचला आणि तक्रार आली नोव्हेंबरात, अर्धा वापरून झाल्यावर. तरी पैसे परत करतो. उरलेला डबा पाठवा, कुरिअर आमच्याकडून. पॅकिंगकडे बघतोच आहोत, लेबलवर चवीबद्दलही काहीतरी लिहू. आपल्या बॅचचा नमुना इथे ठेवलाय. कधीही येऊन मायक्रोस्कोपखाली बघा, आणि खात्री पटली तर तेवढा 'मैदा' शब्द रिव्ह्यूतून काढा, ही विनंती.