पन्नास लाखांपर्यंत ठणठणीत

एप्रिलमध्ये पगार वाढला आणि माझी तब्येत संशयास्पद झाली.

आमच्या कंपनीत ग्रुप टर्म इन्शुरन्स आहे, म्हणजे सगळ्या स्टाफचा एकत्र आयुर्विमा; माणूस गेला तर घरच्यांना वार्षिक पगाराच्या तिप्पट. इतकी वर्षं कुणी मला साधी जीभसुद्धा बाहेर काढायला सांगितली नव्हती. यंदा तिप्पट 60 लाखांवर गेली आणि एचआरच्या मुलीचा फोन आला, "सर, तुमचं एफसीएल क्रॉस झालंय. मेडिकल करावं लागेल."

एफसीएल म्हणजे फ्री कव्हर लिमिट. आमच्याकडे 50 लाख. तेवढ्यापर्यंत मी ठणठणीत आहे असं विमा कंपनी डोळे मिटून मानते. वरच्या 10 लाखांसाठी मात्र रक्ताचा पुरावा! तर्क तसा पटण्याजोगा आहे. माणूस नोकरीला पगारासाठी लागतो, मरण्यासाठी नाही; त्यामुळे आख्ख्या ऑफिसात धट्टेकट्टे आणि रोगट मिसळूनच असणार. गट मोठा असला की ही मर्यादाही सहसा वाढते. गर्दीत काहीही खपतं, हे डोंबिवलीकराला वेगळं सांगायला नको.

बारा तास उपाशी पोटी यायचं होतं. चहाही नाही. सकाळच्या फास्टने घाटकोपरला उतरलो, तर स्टेशनबाहेर वड्यांचा पहिला घाणा निघत होता. नाक दाबून पुढे गेलो.

साखर कमी यावी म्हणून चार दिवस गोड बंद केलं होतं. तपासणी सेंटरच्या भिंतीवर वाचलं की एचबीएवनसी ही रक्तचाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते. होळीच्या पुरणपोळ्या एकेक करून आठवल्या.

मग टेप.

"काका, पोट आत घेऊ नका."

"घेतलं नाही. असंच आहे."

सेंटरमधली मुलगी काही बोलली नाही. टेप धरून शांत उभी राहिली. थोड्या वेळाने माझा श्वास संपला आणि खरा आकडा बाहेर आला. तिने तोच लिहिला.

डॉक्टरांनी फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, "वडील कशाने गेले?"

"आहेत ते. आत्ता भाजी आणायला गेले असतील."

"अच्छा," म्हणत त्यांनी जरा नाराजीनेच खोडलं.

बीपी 150/96. पूल चढून आलोय, चहा झालेला नाही, हे मी सांगून पाहिलं. आकडा लिहिला गेला, चहा नाही.

बाकी सगळं नॉर्मल निघालं, पुरणपोळ्यासुद्धा पचल्या. पण विमा कंपनीला आता तीन वेगवेगळ्या दिवशींचं बीपी हवंय. तोवर कव्हर 50 लाखांवरच थांबलेलं. रात्री बायकोला समजावून सांगितलं. पूल चढल्यामुळेच बीपी वाढलं असणार, हेही सांगितलं.

तिने हिशेब नीट ऐकून घेतला.

"अहो, वाढू दे बीपी. पण 60 लाख होईपर्यंत पुलावरूनच या. रूळ ओलांडू नका."